तेलाचं इंधन झालं, पण धुवणाचं काय?

बाकावर तीन बाटल्या ओळीनं ठेवल्या होत्या. पहिलीत तळण करून उरलेलं, गाळून घेतलेलं तेल, काळपट तपकिरी. दुसरीत त्याच तेलापासून केलेलं बायोडिझेल, फिकट पिवळं, बाटलीमागचा कागद वाचता येईल इतकं निवळ. तिसरीत ते बायोडिझेल धुतलेलं पाणी. पांढुरकं, फेसाळ, आठवडा उलटला तरी न निवळलेलं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्या दोन बाटल्या पाहिल्या, मान डोलावली, मग तिसरी उचलली आणि विचारलं, "हे कुठे ओतणार आहेस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. संशोधनाची पुढची दीड वर्षं त्या एका प्रश्नामागे गेली.

माझ्या विषयाचे कागदावर दोन भाग होते. एक, टाकाऊ तेलापासून बायोडिझेल करायला घन उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रिया वेगानं घडवून आणणारा घन पदार्थ, तयार करायचा. दोन, रंगीत सांडपाणी स्वच्छ करायला प्रकाश-उत्प्रेरक, म्हणजे प्रकाश पडल्यावर काम करणारा उत्प्रेरक, तयार करायचा. पदार्थ रसायनशास्त्राखाली दोन्ही बसत होते म्हणून एकत्र बांधले होते, एवढंच. ते एकमेकांत किती गुंतलेले आहेत हे त्या तिसऱ्या बाटलीमुळे कळलं.

तेलापासून सुरुवात केली. रसायन तसं सरळ आहे. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरॉलच्या कण्याला फॅटी अ‍ॅसिडच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. मिथेनॉल घालून, उत्प्रेरकाच्या मदतीनं त्या साखळ्या सोडवायच्या, प्रत्येकीला मिथेनॉलचा तुकडा जोडायचा. सुटलेल्या तीन साखळ्या म्हणजे बायोडिझेल, आणि उरलेला कणा म्हणजे ग्लिसरॉल. १०० किलो तेलाला साधारण १० ते ११ किलो मिथेनॉल खर्ची पडतं आणि १० किलोच्या आसपास ग्लिसरॉल मिळतं. बेल्जियममध्ये १९३७ सालीच या वाटेनं केलेल्या इंधनाचं पेटंट घेतलं गेलं होतं. म्हणजे नवं काही नाही.

पण ताजं तेल आणि तळून तळून थकलेलं तेल यात फार फरक असतो. उष्णता आणि पाण्याची वाफ यांनी साखळ्या आधीच सुटलेल्या असतात, मुक्त फॅटी अ‍ॅसिडच्या रूपात. माझ्या तेलाचे २ ग्रॅम अनुमापनाला घेतले तेव्हा ०.१ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे २.५ मिलिलिटर लागले. आकडेमोड केली तर आम्लमूल्य, म्हणजे एक ग्रॅम तेलातलं आम्ल मारायला लागणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिलिग्रॅममध्ये, ७ आलं, म्हणजे मुक्त फॅटी अ‍ॅसिड साधारण ३.५ टक्के. हे प्रमाण १ टक्क्याच्या वर गेलं की सोडियम हायड्रॉक्साइडसारखा अल्कली वापरताना सांभाळावं लागतं, हे वाचलेलं होतं. तरीही पहिला घाणा मी सोडियम हायड्रॉक्साइडवरच केला, कारण तुलनेसाठी एक आकडा हवा होता. ढवळणं थांबवलं तेव्हा फ्लास्कमध्ये दोन थर पडायला हवे होते. पडला एकच, दाट आणि चिकट. अल्कलीनं मुक्त आम्लांचा साबण केला होता, आणि साबणानं तेल, ग्लिसरॉल, मिथेनॉल सगळ्यांना एकत्र धरून ठेवलं होतं. त्यात पाणी घातल्यावर जे झालं, तीच ती तिसरी बाटली.

मग घन उत्प्रेरकाकडे वळले. अंड्याच्या कवचात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं. कवचं उकळून, आतला पातळ पापुद्रा ओढून काढून, वाळवून, कुटून मफल फर्नेसमध्ये ९०० अंशांवर चार तास ठेवली. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. गणितानं १०० ग्रॅम शुद्ध कार्बोनेटचे ५६ ग्रॅम राहायला हवेत. माझ्या क्रुसिबलमध्ये ५४ राहिले, कारण कवचातलं सेंद्रियही जळून जातं. पांढराशुभ्र, हाताला पिठासारखा.

या पांढऱ्या पिठानं मला पहिला मोठा धडा दिला. संध्याकाळी काढलेलं क्रुसिबल मी झाकण ठेवून बाकावरच सोडलं आणि दुसऱ्या दिवशी घाणा लावला. तीन तास ढवळलं, तेल होतं तसंच. क्ष-किरण विवर्तनाचा आलेख काढला, त्यात प्रत्येक स्फटिकाची शिखरं ठरावीक कोनांवर दिसतात, तेव्हा कारण समोर आलं. कॅल्शियम ऑक्साइडची शिखरं ३२.२, ३७.४ आणि ५३.९ अंशांवर असायला हवीत. ती होती, पण खुजी. त्यांच्या शेजारी १८ आणि ३४ अंशांवर विरलेल्या चुन्याची शिखरं उभी होती, आणि २९.४ वर परत कार्बोनेट डोकं काढत होतं. एका रात्रीत हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड पिऊन चुना परत कवचाकडे निघाला होता. त्यानंतर भट्टी २०० अंशांपर्यंत उतरली की क्रुसिबल गरम असतानाच डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, आणि वजन केलं की थेट मिथेनॉलमध्ये, असा नियमच केला. जो कोणी हा प्रयोग करेल त्यानं बाकी सगळं विसरलं तरी हे विसरू नये.

आधी तेलाचं आम्ल उतरवायचं होतं. तेलात मिथेनॉल आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्ल घालून ६० अंशांवर दोन तास ढवळलं. मुक्त आम्लांचंच एस्टर, म्हणजे बायोडिझेलच, होतं, सोबत पाणी तयार होतं. ते मिथेनॉलबरोबर वर येतं, आणि तो थर नीट काढून टाकावा लागतो, नाहीतर त्यातलं आम्ल पुढच्या पायरीतला चुना खाऊन टाकतं. आम्लमूल्य ७ वरून १.६ वर आलं. मग खरा घाणा: २०० ग्रॅम तेल, ६ ग्रॅम चुना, ११० मिलिलिटर मिथेनॉल, म्हणजे तेलाच्या एका रेणूला मिथेनॉलचे बारा. तापमान ६५ अंशांच्या आत, कारण मिथेनॉल ६४.७ ला उकळतं. वर कंडेन्सर, आणि सगळं फ्युमहूडमध्ये. मिथेनॉलची वाफ डोळ्यांना आणि मज्जातंतूंना किती घातक आहे हे सवयीनं विसरायला होतं, म्हणून मी हूडच्या काचेवर चिठ्ठी लावून ठेवली होती.

दर अर्ध्या तासाला केशनळीनं एक थेंब सिलिकाच्या पातळ पट्टीवर टेकवायचा, पट्टी हेक्झेन-ईथरच्या मिश्रणात उभी करायची, वाळली की आयोडीनच्या बरणीत ठेवायची. आयोडीनच्या जांभळ्या वाफेत आधी काहीच दिसत नाही. मग पट्टीच्या मधोमध एक तपकिरी ठिपका उमटतो, ते न बदललेलं तेल. त्याच्या वर दुसरा, ते बायोडिझेल. पहिल्या पट्टीवर खालचा ठिपका ठसठशीत, वरचा पुसट. दीड तासानं दोन्ही सारखे. तीन तासांनी खालचा ठिपका शोधावा लागला. ती पट्टी मी वहीत चिकटवून ठेवली आहे. आयोडीन उडून गेल्यानं आता तिच्यावर पेन्सिलीचे गोलच तेवढे दिसतात.

या खेपेला थर पडले, व्यवस्थित पडले. ग्लिसरॉल खाली, बायोडिझेल वर. मी पाण्यानं तीनदा धुतलं, आणि पुन्हा तेच! पहिल्या पाण्यावर करडी साय धरली. घन उत्प्रेरक म्हणजे गाळला की निघाला, धुवायची गरजच कमी, असं वाचून मी आले होते. प्रत्यक्षात चुना थोडा विरघळतो. ग्लिसरॉलशी संयोग करतो, उरल्यासुरल्या आम्लांचा कॅल्शियम साबण करतो, आणि हा साबण पाण्यातही नीट जात नाही, इंधनातही धड राहत नाही. युरोपीय मानकात, ईएन १४२१४ मध्ये, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तेव्हा धुणं सुटत नव्हतं, आणि धुवणही.

आता त्या धुवणात होतं काय? त्यासाठी सीओडी काढला, म्हणजे पाण्यातलं सेंद्रिय जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. नमुना शंभरपट पातळ केला, त्यातला २० मिलिलिटर घेतला, डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लात दोन तास उकळला. उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटनं मोजायचं. फेरॉइनचे दोन थेंब घातले की द्रव पिवळट हिरवा असतो, मग निळसर हिरवा होत जातो, आणि एका थेंबाला एकदम तांबूस तपकिरी. तो थेंब चुकला की सगळं परत. कोऱ्या नमुन्याला २५ मिलिलिटर लागले, माझ्या नमुन्याला १८. फरक सातचा. शंभरपट पातळ केलेलं धरून उत्तर आलं लिटरमागे २८,००० मिलिग्रॅम. घरगुती सांडपाण्याचा सीओडी काही शेकड्यांत असतो. मी तो आकडा तीनदा तपासला. आणि हे मोजताना प्रत्येक नळीत क्रोमियम आणि पारा असलेलं जे द्रव उरत होतं, ते वेगळ्या कॅनमध्ये घातक कचरा म्हणून साठत होतं. पाण्याची घाण मोजायलाही विष खर्च करावं लागतं, याचा मला त्या दिवसांत खरोखर त्रास व्हायचा. म्हणून पुढे मी नमुन्यांची संख्या विचार करूनच ठरवायचे.

माझा प्रकाश-उत्प्रेरक एव्हाना तयार होता. टायटॅनियम डायऑक्साइड, सॉल-जेल पद्धतीनं केलेला, ४५० अंशांवर भाजलेला, अ‍ॅनाटेज रूपातला. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये याच पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं, तेव्हापासून यावर जगभर काम चालू आहे. सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पडला की त्याच्या पृष्ठावर हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे अत्यंत क्रियाशील कण, तयार होतात, आणि ती समोर येईल ते सेंद्रिय तोडतात. मेथिलीन ब्लू या निळ्या रंगावर तो सुरेख चालत होता. आधी अर्धा तास अंधारात ढवळायचं, म्हणजे नुसता चिकटलेला रंग वेगळा मोजता येतो. मग दिवा लावायचा. ६६४ नॅनोमीटरवरचं शिखर दर वीस मिनिटांनी खाली येत जायचं आणि दोन तासांत निळं पाणी पाण्यासारखं व्हायचं.

तोच पदार्थ, तोच दिवा, धुवणावर लावला. सहा तास. काही नाही.

हे समजायला मला महिना लागला, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वात मोलाचा महिना तोच. एक तर दुधाळ पाण्यात प्रकाश आत शिरतच नव्हता. दुसरं कारण त्याहून खोल होतं. मिथेनॉल हे हायड्रॉक्सिल मूलकांचं नावाजलेलं भक्षक आहे. मूलकं तयार होतात की नाही हे तपासायचं असेल तर लोक मुद्दाम मिथेनॉल घालून अभिक्रिया थांबवून बघतात. आणि माझ्या धुवणात तेच ठासून भरलेलं होतं. मेथिलीन ब्लूचं पाणी म्हणजे मिलिग्रॅमची गोष्ट, लिटरमागे १०. इथे ग्रॅम होते. रंगाच्या पाण्यावर मिळालेल्या सुंदर आलेखावरून खऱ्या सांडपाण्याबद्दल किती कमी सांगता येतं, हे तेव्हा नीट उमगलं. आजही कुणी फक्त मेथिलीन ब्लूचा आलेख दाखवून सांडपाणी शुद्धीकरणाचा दावा केला की मी आधी विचारते, खऱ्या पाण्यावर करून पाहिलंत का?

मग पायऱ्या लावल्या. सल्फ्युरिक आम्लानं धुवणाचा पीएच ३ पर्यंत उतरवला. साबण फुटून त्याचं परत फॅटी अ‍ॅसिड होतं आणि तपकिरी तवंग वर येतो. दोन तासांत बाटलीत रेषा पडल्यासारखे थर वेगळे झाले. हा तवंग फेकायचा नाही, आम्ल उतरवायच्या पायरीत तो परत घालता येतो. सीओडी १६,००० वर आला. मग सक्रिय कोळसा घातला, रात्रभर हलवला, गाळला. सकाळी फ्लास्कमध्ये स्वच्छ, पारदर्शक पाणी होतं. मी ते घेऊन मॅडमकडे धावत गेले. त्यांनी एकच विचारलं, "सीओडी काढलास का गं?" काढला. १४,५००.

पाणी नळाच्या पाण्यासारखं दिसत होतं आणि आतून जवळपास तेवढंच घाण होतं. मिथेनॉलचा रेणू लहान आणि पाण्याशी घट्ट दोस्ती असलेला. कोळशाला तो धरवत नाही. एक ग्रॅम मिथेनॉल जाळायला दीड ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे लिटरमध्ये ९ ग्रॅम मिथेनॉल असलं तरी १३,५०० एवढा सीओडी एकट्या त्याचाच. त्याला रंग नाही, गढूळपणा नाही.

पीएच ३ वर होताच, म्हणून फेंटन करून पाहिलं. हेन्री फेंटननं १८९४ मध्ये सांगितलेली अभिक्रिया: लोहाचं क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. ती नेमकी याच पीएचला उत्तम चालते. पाणी गरम झालं, बुडबुडे आले, रंग नारिंगी झाला. दोन तासांनी सीओडी काढला तर तो वाढलेला! मी आख्खा दिवस फेरस अमोनियम सल्फेटच्या द्रावणाला दोष देत होते. खरं कारण होतं उरलेलं पेरॉक्साइड. तेही डायक्रोमेट खातं आणि खोटा सीओडी दाखवतं. पुढच्या खेपेला मी घाण्यातून निघालेला, निकामी झालेला चुनाच घालून पीएच ९ केला. गंजाच्या रंगाचा लोह हायड्रॉक्साइडचा साका खाली बसला, पेरॉक्साइड रात्रभरात फुटून गेलं, पेरॉक्साइडच्या चाचणी-पट्टीवर शून्य दिसल्यावरच सीओडी लावला. ५,२००.

समाधान वाटायला हवं होतं, पण वहीत पेरॉक्साइडचा हिशेब मांडला आणि थांबले. १४,५०० सीओडी पूर्ण जाळायचा तर लिटरमागे शुद्ध पेरॉक्साइड सुमारे ३१ ग्रॅम, म्हणजे ३० टक्क्यांचं द्रावण ९० मिलिलिटरच्या वर. एक लिटर पाण्याला! आणि जाळत काय होते? मिथेनॉल. जे मी स्वतः बाटलीतून मोजून ओतलं होतं. तेलाच्या एका रेणूला बारा घातले, त्यातले तीनच कामी आले. उरलेले नऊ मी आधी पाण्यात मिसळत होते, आणि मग ते पाण्यातून काढायला धडपडत होते.

तिथून कामाची दिशा उलटी फिरली. आता पाणी स्वच्छ करायचा पदार्थ पाण्याच्या आधीच लावायचा. चुना गाळला, ग्लिसरॉलचा थर काढला आणि मगच बायोडिझेलमधलं मिथेनॉल रोटरी इव्हॅपोरेटरवर, म्हणजे कमी दाबाखाली फिरत्या फ्लास्कमधून द्रव उडवून परत गोळा करणाऱ्या यंत्रावर, ओढून घेतलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. अभिक्रिया उलटही जाते. ग्लिसरॉल आणि उत्प्रेरक आत असताना मिथेनॉल काढलं तर झालेलं इंधन परत मागे सरकतं. परत मिळालेलं मिथेनॉल कोरडं करून पुढच्या घाण्याला वापरलं.

आणि पाण्याऐवजी राख. भाताच्या तुसाची राख ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. ६०० अंशांवर जाळली की ती सिलिका अस्फटिक आणि सच्छिद्र राहते. फार तापवली तर स्फटिक बनते, शोषणही कमी होतं आणि धूळ फुप्फुसांना जास्त घातक ठरते. राख आम्लानं धुऊन, वाळवून घेतली. बायोडिझेलच्या वजनाच्या ४ टक्के राख घालून ६५ अंशांवर वीस मिनिटं ढवळलं, गाळलं. ग्लिसरॉल आणि साबण दोघांनाही पाण्याची ओढ असते, तशीच सिलिकाच्या पृष्ठावरच्या हायड्रॉक्सिल गटांचीही; ते राखेला चिकटतात आणि बायोडिझेल निघून येतं. राख धुवायला थोडं पाणी लागलंच, पण त्यात मिथेनॉल नव्हतं आणि साबणही नव्हता.

४० अंशांवर गतिज श्यानता, म्हणजे इंधनाचा दाटपणा, सेकंदाला ४.६ चौरस मिलिमीटर आली, मानकाची मर्यादा ३.५ ते ५. कॅल्शियमचा अहवाल यायला दहा दिवस लागले, आणि त्या दहा दिवसांत माझं दुसऱ्या कशातच लक्ष नव्हतं. एकदा राखेतून काढलेल्यात किलोमागे ११ मिलिग्रॅम, दोनदा काढलेल्यात ४. दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवून मॅडम म्हणाल्या, "आता राखेचं सांग."

वापरलेली राख काळपट आणि चिकट होते. ५५० अंशांवर परत भाजली की तिच्यातलं सेंद्रिय जळतं आणि ती पुन्हा पांढरट होते, पण कॅल्शियम आतच राहतं. दुसऱ्या वापराला ती चांगली चालली, तिसऱ्याला कॅल्शियम ९ वर गेलं. तीनदा वापरलेली ती राख, ६२ ग्रॅम, मी वजन आणि तारीख लिहून बरणीत भरली आहे. बरणी बाकावर त्याच जागी आहे जिथे ती तिसरी बाटली होती, आणि आम्लानं तिच्यातलं कॅल्शियम किती निघतं याचा पहिला नमुना काल ढवळायला लावला.